घरी बनवलेल्या एसडीआरमध्ये (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओमध्ये) फिल्टर बदलायचं काम कोणाकडे द्यायचं? नव्या हॅमसाठी एक सविस्तर वाट

नवीन हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लो-पास फिल्टरला (ठरावीक वारंवारतेच्या वरचं कापणाऱ्या फिल्टरला) कोणते टोरॉइड (गुंडाळीचे गोल कोअर) वापरू, किती वेढे घालू? प्रश्न चांगलाच आहे आणि त्याची उत्तरंही भरपूर मिळतात. पण पाच-सहा फिल्टर बांधून झाले, की बँड (वारंवारतेचा पट्टा) बदलल्यावर त्यातला योग्य फिल्टर मार्गात आणायचं काम कोण करणार, कोणत्या तारेवरून करणार, आणि सॉफ्टवेअर मध्येच अडकलं तर पेटीत काय होणार, याचा विचार बहुतेक जण शेवटच्या रविवारी करतात. मीही तसंच केलं होतं आणि त्यात दोन पॉवर ट्रान्झिस्टर गमावले. तो किस्सा पुढे येईलच. आधी माझं मत सांगून टाकतो. फिल्टरची कंट्रोल पद्धत निवडताना किती पिना वाचतात हे बघू नका. तीन गोष्टी बघा: वीज चालू होताच ती काय करते, मधलं सॉफ्टवेअर अडकलं तर काय करते, आणि तुम्ही प्रक्षेपण करत असताना तिच्या तारांवर काय चाललेलं असतं.

मुंबईत यातल्या तिसऱ्या मुद्द्याला फार वजन आहे. आपल्यापैकी किती जणांकडे अंगण आहे? गॅलरीच्या ग्रिलवरून समोरच्या झाडापर्यंत किंवा गच्चीच्या टाकीपर्यंत एक तार, आणि तिच्यापासून तीन-चार मीटरवर टेबलावर रेडिओ. म्हणजे आपलंच प्रक्षेपण आपल्याच कंट्रोलच्या तारांत शिरणार, हे धरूनच चालायचं.

आधी मोजणी: किती फिल्टर, किती लाइन

४० मीटरवर ७.१ मेगाहर्ट्झला बोलताना पॉवर अँप्लिफायरमधून १४.२ आणि २१.३ मेगाहर्ट्झही बाहेर पडतं. दुप्पट थेट २० मीटर बँडमध्ये जाते आणि तिप्पट १५ मीटरमध्ये, म्हणजे आपली घाण आपल्याच भाऊबंदांच्या कानात. पुश-पुल अँप्लिफायरमध्ये दुप्पट बरीच दबते, पण तिप्पट जोरात राहते. म्हणून प्रत्येक बँडला फिल्टर लागतोच. दोन बँड एका फिल्टरवर बसवायचे असतील तर हिशेब सोपा आहे: गटातल्या सर्वांत खालच्या वारंवारतेची दुप्पट ही गटातल्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या बरीच वर पडली पाहिजे. ३० आणि २० मीटर एकत्र चालतात, कारण १०.१ ची दुप्पट २०.२ होते आणि २० मीटर १४.३५ ला संपतो. १७ आणि १५ चालतात, १२ आणि १० चालतात. ८० आणि ४० मात्र कधीच एकत्र नको. ३.५ ची दुप्पट बरोबर ७.० येते.

१६० मीटरचा अर्ध्या लांबीचा डायपोल जवळजवळ ८० मीटर लांब होतो. आपल्या सोसायटीत तो कुठे बांधणार? तो बँड सध्या सोडा. उरले ८०, ४०, ३०/२०, १७/१५ आणि १२/१०, म्हणजे पाच फिल्टर.

सहावी कंट्रोल लाइन रिसीव्ह बाजूच्या हाय-पास फिल्टरसाठी ठेवा, आणि मुंबईत तरी यात कंजुषी करू नका. हर्मीस लाइट २ सारख्या डायरेक्ट सॅम्पलिंग रेडिओत अँटेनाचा सगळा माल थेट सिग्नलचे आकडे करणाऱ्या १२ बिटच्या कन्व्हर्टरवर येऊन पडतो. ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता आणि १०४४ वरची संवादिता या आकाशवाणीच्या मध्यम लहरी ऐकत आपण मोठे झालो, पण मालाड-मालवणीच्या मास्टपासून जवळ राहणाऱ्याच्या कन्व्हर्टरला तोच सिग्नल जड जातो. कन्व्हर्टर भरला की ४० मीटरवरचे हलके सिग्नल ऐकूच येत नाहीत, आणि माणूस बिचारा अँटेनाला दोष देत बसतो. साधारण ३ मेगाहर्ट्झच्या खालचं कापणारा एक हाय-पास फिल्टर हे दुखणं बरंच हलकं करतो. त्याची रिले (विजेने चालणारा स्विच) अशी लावा की लाइन बंद असताना फिल्टर मार्गात असेल आणि लाइन चालू केली तरच बाजूला होईल.

पाच आणि एक सहा, वर एक राखीव. सात लाइन हातात ठेवा.

रिले: आधी हीच नीट घ्या

कंट्रोलची पद्धत रिलेच्या कॉइलवर अवलंबून असते, म्हणून थोडं इथे थांबू. बाजारात निळ्या चौकोनी रिलेंचे तयार मॉड्यूल मिळतात, एका बोर्डावर चार किंवा आठ. ते पंखे-दिवे लावायला आहेत. त्यांचे कॉन्टॅक्ट १० अँपिअरचे, आकाराने मोठे, त्यामुळे बंद असतानाही त्यातून आरएफ (रेडिओ सिग्नल) झिरपतं. मायक्रोव्होल्टमधला रिसीव्ह सिग्नल त्यातून कधी जातो, कधी जात नाही. शिवाय त्यातले बरेच मॉड्यूल इनपुट खाली गेल्यावर चालू होतात, म्हणजे बूट होताना सगळ्या रिले एकदम खटकन् ओढल्या जाण्याची शक्यता.

आपल्याला हव्यात छोट्या सिग्नल रिले: दोन चेंजओव्हर, सोनं चढवलेले कॉन्टॅक्ट, आणि पूर्ण सीलबंद. सीलबंद का? जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत मीठ आणि पाणी दोन्ही असतं. उघड्या कॉन्टॅक्टच्या रिले दोन पावसाळ्यांत रुसतात, आणि हा दोष शोधायला महाकठीण, कारण ४-५ वॅट पाठवले की कॉन्टॅक्ट जागा होतो आणि रिसीव्हला परत झोपतो.

कॉइल १२ व्होल्टची घ्या, ५ ची नको. रिले चालवणाऱ्या युएलएन चिपमध्ये ०.९ व्होल्टच्या आसपास पडतात. १२ मधून ते गेले तर कोणाला कळतही नाही. ५ मधून गेले तर हातात ४.१ उरतात, आणि ५ व्होल्टच्या रिलेला ओढायला पावणेचार ते चार लागतात. म्हणजे अगदी काठावरचं गणित. थंड असताना चालेल, तापल्यावर नखरे करेल. कमी विजेवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल हजार ओहमच्या आसपास असते आणि १२ मिलिअँपिअर घेते. प्रत्येक फिल्टरला आत एक आणि बाहेर एक अशा दोन रिले समांतर जोडल्या की एका लाइनवर २४ मिलिअँपिअर. न वापरलेल्या फिल्टरची दोन्ही टोकं त्याच रिलेच्या मोकळ्या कॉन्टॅक्टने ग्राउंड करा. गळती बरीच कमी होते.

पहिली पद्धत: सरळ लाइन, एका फिल्टरला एक तार

रेडिओ आणि फिल्टर एकाच पेटीत असतील तर नव्या माणसाने हीच पद्धत घ्यावी. प्रोसेसरची एक पिन, त्यापुढे युएलएन २८०३ चा एक चॅनेल, त्यापुढे रिलेची जोडी. झालं.

ही चिप घ्यायला ग्रँट रोड स्टेशनवर उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं. पाटीवर डॉ. भाडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी विचारताना लॅमिंग्टनच विचारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या काकांना म्हटलं, "काका, युएलएन २८०३ द्या, दोन." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाच घेऊन जा. आणि अठरा पिनचं सॉकेटपण घे, नाहीतर पुढच्या शनिवारी परत येशील." सॉकेट घेतलं. पुढच्या शनिवारी खरंच चिप बदलावी लागली, पण सोल्डरिंग आयर्न तापवावी लागली नाही.

बदलावी लागली ती माझ्या चुकीने. २८०३ मध्ये १ ते ८ इनपुट, समोरासमोर १८ ते ११ आउटपुट, ९ नंबर ग्राउंड, आणि १० नंबर कॉमन. हा १० नंबर रिलेच्या १२ व्होल्टला जोडायचा असतो. मी तो मोकळा सोडला, कारण "ग्राउंड तर जोडलंय". त्या पिनमागे आतले डायोड असतात. रिले सोडताना कॉइल जो उलटा झटका मारते, तो ते गिळतात. पिन मोकळी असेल तर झटक्याला जायला वाट नसते आणि चिपची ५० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते. चार दिवस नीट चालली, पाचव्या दिवशी एक चॅनेल कायमचा चालू राहिला. म्हणून सगळ्यात आधी १० नंबर पिनची तार टाका, बाकीच्या नंतर.

या चिपची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिच्या इनपुटला आतच रेझिस्टर आहेत, त्यामुळे पिन मोकळी राहिली तरी रिले बंदच राहते. आणि ३.३ व्होल्टवर ती आरामात चालते, इनपुटला एक मिलिअँपिअरहून कमी लागतो. त्यामुळे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनवर ताण येत नाही.

रास्पबेरी पाय वापरत असाल तर पिना निवडताना दोन गोष्टी बघा. बूट होताना जीपीआयओ (कंट्रोलच्या पिना) ० ते ८ आतून वर ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली ओढलेल्या. खाली ओढलेल्यांतूनच घ्या. आणि आयटूएस (आवाजाच्या डिजिटल तारांवर चालणारं) साउंडकार्ड लावलं असेल तर १८ ते २१ त्याच्या आहेत, त्यांना हात लावू नका. १७, २२, २३, २४, २५, २७ या सहा पिना सहसा मोकळ्या सापडतात.

आरएफपासून बचाव इथे अगदी सोपा आहे, आणि सरळ लाइनचा खरा फायदा तोच. युएलएनच्या प्रत्येक इनपुटआधी १ किलोओहम मालिकेत आणि इनपुटवरून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. आउटपुट बाजूला मालिकेत रेझिस्टर घालू नका, रिलेचा करंट तिथून जातो. तिथे फक्त ग्राउंडला १० नॅनोफॅरड आणि तारेवर फेराइटचा मणी. लाइन एकतर वर असते नाहीतर खाली, तासन् तास तशीच. तिच्यावर घड्याळाचे पल्स धावत नाहीत, त्यामुळे रिसीव्हरमध्ये काही किरकिर येत नाही, आणि कपॅसिटर कितीही मोठा लावला तरी तिचं काही बिघडत नाही.

फिल्टर दुसऱ्या पेटीत असतील आणि अंतर मीटरभर असेल, तर युएलएन रेडिओच्या पेटीत ठेवा आणि त्याचे ओपन कलेक्टर (लाइन फक्त ग्राउंडकडे खेचणारे) आउटपुट केबलमधून पलीकडे न्या. मूळ हर्मीस बोर्डावर असे सात ओपन कलेक्टर आउटपुट याच कामासाठी दिलेले आहेत, आणि त्या घराण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या बँडला कोणता आउटपुट, हे रिसीव्ह आणि ट्रान्समिटसाठी वेगवेगळं ठरवता येतं.

दुसरी पद्धत: आयटूसी, आणि माझे दोन ट्रान्झिस्टर

पिना कमी असतील, किंवा फिल्टर बोर्ड तयार घेतला असेल, तर आयटूसी समोर येतं. दोन तारा, डेटा आणि क्लॉक, आणि पलीकडे एक एक्स्पांडर चिप जी ८ किंवा १६ लाइन देते. हर्मीस लाइट २ बरोबर वापरला जाणारा एन२एडीआर फिल्टर बोर्ड असाच चालतो. त्यावर एमसीपी २३००८ असतो, पत्ता हेक्स २०, आणि रेडिओचं गेटवेअर (त्याच्या आतल्या चिपचा प्रोग्राम) बँडप्रमाणे त्यात बिट लिहितं. तुम्ही फक्त सॉफ्टवेअरमध्ये योग्य खूण करायची.

स्वतः बांधणार असाल तर चिप निवडताना घाई करू नका. पीसीएफ ८५७४ स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण वीज येताच त्याच्या सगळ्या पिना वरच्या बाजूला जातात, तेही अगदी लंगड्या करंटने, १०० मायक्रोअँपिअरच्या आसपास. त्याला सरळ युएलएन जोडला तर रिले ना धड चालू, ना धड बंद. एमसीपी २३०१७ किंवा त्याचा धाकटा भाऊ २३००८ घ्या. वीज येताच यांच्या सगळ्या पिना इनपुट असतात, म्हणजे तरंगत्या, आणि तरंगत्या इनपुटला युएलएन रिले बंद ठेवतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं. फक्त रीसेट पिन १० किलोओहमने वर ओढा आणि पत्त्याच्या तिन्ही पिना ग्राउंडला नाहीतर वर पक्क्या जोडा. या पिना मोकळ्या सोडल्या तर चिप आज एका पत्त्यावर, उद्या दुसऱ्या.

आता तो किस्सा. माझा रेडिओ मुलुंडच्या घरात गॅलरीला लागून आहे, एंड-फेड (एका टोकाने जोडलेली) तार ग्रिलवरून निघते. २० मीटरवर १० वॅटने एका स्टेशनशी बोलणं झालं, बँड बदलून १० मीटरला आलो. स्क्रीनवर २८ मेगाहर्ट्झ, सगळं ठीक. पीटीटी (प्रक्षेपणाचं बटण) दाबला आणि तीन-चार सेकंदांत हीटसिंकचा तो ओळखीचा जळका वास. झाकण काढून बघितलं तर फिल्टर बोर्डावर २० मीटरचाच एलईडी जळत होता. प्रक्षेपणाच्या वेळी आरएफ डेटाच्या तारेत शिरलं होतं, बस अडकली होती, आणि त्यानंतर लिहिलेला बँड बदलाचा हुकूम चिपपर्यंत पोचलाच नव्हता. सॉफ्टवेअरने लिहिलं आणि पुढे गेलं, पोचलं का ते विचारलंच नाही. २८ मेगाहर्ट्झची सगळी शक्ती २० मीटरच्या फिल्टरवर आपटून परत अँप्लिफायरमध्ये. दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर गेले.

सरळ लाइनवर १० नॅनोफॅरड लावून ही गोष्ट टाळता आली असती. आयटूसीवर तसं करता येत नाही. पूर्ण बसची धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी लागते, नाहीतर पल्सच्या कडा गोल होऊन चिपला काही समजत नाही. म्हणून तिथे वेगळे उपाय करावे लागतात. तारा वीतभरच ठेवा, डेटा आणि क्लॉक दोन्हींना ग्राउंडची स्वतंत्र तार गुंडाळा, दोन्हींत १०० ते ३३० ओहम मालिकेत घाला, जोडी फेराइट कोअरमधून दोन-तीन वेढे देऊन न्या. बसचा वेग १०० किलोहर्ट्झच ठेवा, ४०० ची काही गरज नाही. आपण दिवसातून वीस वेळा बँड बदलतो, सेकंदाला वीस वेळा नाही.

आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन नियम पाळा. पहिला: लिहिल्यानंतर तेच रजिस्टर परत वाचा, जुळलं तरच प्रक्षेपणाला परवानगी द्या. चिपकडून पोच आली नाही तर पीटीटी बंद. दुसरा: बँड बदलेल तेव्हाच बसला हात लावा. काही जण दर १०० मिलिसेकंदाला चिपची चौकशी करत राहतात आणि मग वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या चित्रावर) टिकटिक दिसते म्हणून हैराण होतात. गप्प बस म्हणजे गप्प रिसीव्हर.

तिसरी पद्धत: बीसीडी, चार तारांची जुनी भाषा

फिल्टर किंवा लिनिअर अँप्लिफायर वेगळ्या पेटीत असेल, आणि उद्या ती पेटी एखाद्या तयार रेडिओमागे लावायची इच्छा असेल, तर यासू कंपनीच्या पद्धतीचा बीसीडी (आकडा चार लाइनवर दाखवणारा) बँड डेटा शिकून ठेवा. ए, बी, सी, डी अशा चार लाइन, ५ व्होल्टच्या. १६० मीटर म्हणजे १, ८० म्हणजे २, ४० म्हणजे ३, ३० ला ४, २० ला ५, १७ ला ६, १५ ला ७, १२ ला ८, १० ला ९ आणि ६ मीटरला १०. एकदा पाठ झालं की विसरत नाही.

पलीकडच्या पेटीत सीडी ४०२८ हा डिकोडर ५ व्होल्टवर बसवा, तो ० ते ९ च्या दहा लाइन वेगळ्या करून देतो. ६ मीटरचा १० हा आकडा त्याच्या आवाक्याबाहेर आहे, तो लागला तर वेगळी सोय करावी लागेल. त्यापुढे युएलएन. एका २८०३ चे आठ चॅनेल १६० सकट नऊ बँडला पुरत नाहीत, म्हणून सात-सात चॅनेलचे दोन २००३ घ्या. ३० आणि २० मीटरचा फिल्टर एकच आहे ना? मग ४ आणि ५ चे युएलएन आउटपुट सरळ एकमेकांना जोडा. ओपन कलेक्टर असल्यामुळे कोणीही एक खाली खेचला की रिले लागते, वेगळे डायोड नकोत.

४०२८ च्या चारही इनपुटांना १० किलोओहम ग्राउंडकडे लावायला मात्र विसरू नका. केबल निघाली की इनपुट शून्यावर, आणि शून्य म्हणजे कोणताच फिल्टर नाही. अशी चूक मला चालते, कारण ती लपून राहत नाही.

एक बारकावा. १५ मीटरवरून १२ वर जाताना ७ चे ८ होतात, म्हणजे चारही लाइन एकाच वेळी पालटतात. कुठलीही लाइन दुसरीआधी पोचली की क्षणभर भलताच बँड निवडला जातो. प्रक्षेपण बंद असेल तर याने काही होत नाही. चालू असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट भाजतात.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर स्वस्त आणि भक्कम आहे, आणि त्याचाच दणकट भाऊ टीपीआयसी ६बी५९५ घेतला तर युएलएनसुद्धा लागत नाही. पण वीज येताच ५९५ च्या आउटपुटवर काय असेल याचा भरवसा नाही. आउटपुट एनेबलची पिन १० किलोओहमने वर ओढून ठेवा, सॉफ्टवेअरने आधी सगळी शून्यं लिहावीत, मगच ती पिन खाली आणावी. शिवाय यातून लिहिलेलं परत वाचणं कटकटीचं आहे.

लॅचिंग रिले बॅटरीवर सह्याद्रीत फिरायला जाणाऱ्यांसाठी उत्तम, कारण धरून ठेवायला करंट लागत नाही. पण चालू केल्यावर कोणती रिले कुठे आहे हे कळत नाही, आणि दोन कॉइलच्या रिलेला दोन-दोन लाइन लागतात. दुसऱ्या रेडिओच्या वेळी करून बघा.

प्रक्षेपणाची वारंवारता मोजून आपोआप फिल्टर बदलणाऱ्या पेट्यांपासून लांब राहा. आरएफ आल्यावरच त्यांना बँड कळतो, म्हणजे रिले नेहमी भर आरएफमध्ये पालटणार.

पीटीटीची कडी

पद्धत कोणतीही घ्या, ही कडी लावा. खर्च फारच थोडा.

प्रत्येक लो-पास फिल्टरच्या लाइनला, युएलएनच्या आउटपुटवर, एक १एन४१४८ डायोड जोडा, कॅथोड लाइनकडे. सगळ्या डायोडचे अ‍ॅनोड एकत्र आणा. तिथून ४.७ किलोओहममधून एका पीएनपी ट्रान्झिस्टरच्या बेसला, बीसी ५५७ चालेल. एमिटर १२ व्होल्टला, बेस आणि एमिटरमध्ये १० किलोओहम. कलेक्टरमधून पीटीटी रिलेला वीज द्या. कोणताही फिल्टर निवडला गेला की त्याची लाइन खाली जाते, ट्रान्झिस्टर चालू होतो, पीटीटीला वीज मिळते. एकही फिल्टर निवडलेला नसेल तर सगळ्या लाइन रिलेच्या कॉइलमधून १२ व्होल्टला टेकलेल्या असतात, डायोड बंद, ट्रान्झिस्टर बंद, आणि तुम्ही कितीही पीटीटी दाबा, प्रक्षेपण होत नाही. हाय-पासची लाइन यात घेऊ नका, ती फिल्टर निवडत नाही.

चुकीचा फिल्टर लागला असेल तर ही कडी वाचवणार नाही, त्यासाठी वर सांगितलेलं परत वाचणंच हवं. पण केबल निघणं, चिप रीसेट होणं, प्रोसेसर बूट होत असणं, हे सगळं ती सांभाळते.

सॉफ्टवेअरमधला क्रमही असाच हवा. आधी प्रक्षेपण अडवा, सगळ्या लाइन बंद करा, १० मिलिसेकंद थांबा, नवी लाइन चालू करा, आणखी २० मिलिसेकंद थांबा, मगच प्रक्षेपण मोकळं करा. छोट्या रिलेला काही मिलिसेकंदच लागतात, पण कॉन्टॅक्ट उडी मारतात, त्यांना स्थिर व्हायला वेळ द्या.

तपासणीचा क्रम

रिले बसवण्याआधी प्रत्येक लाइनवर एलईडी आणि ४.७ किलोओहम लावून १२ व्होल्टवर नुसते दिवे नाचवा. प्रत्येक बँड बदला, दिवा बरोबर लागतो का बघा. मग मुद्दाम वाईट वागा. चालू असताना वीज काढा आणि परत द्या. प्रोग्राम मध्येच मारून टाका. आयटूसीची एक तार उपटा. दर वेळी दिवे काय करतात ते कागदावर लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. हे एलईडी नंतरही काढू नका, झाकणाला भोकं पाडून बाहेर दिसू द्या. माझ्या १० मीटरच्या प्रसंगात दिवा बाहेर दिसत असता तर ट्रान्झिस्टर वाचले असते.

मग रिले लावा आणि नॅनोव्हीएनएने (फिल्टर मोजायच्या छोट्या यंत्राने) प्रत्येक फिल्टर रिलेसकट मोजा. ७.१ ला अर्ध्या डेसिबेलच्या आसपास घट चालेल, १४.२ ला ४० किंवा जास्त डेसिबेल दाबलं गेलं पाहिजे. फिल्टर एकटा मोजला तेव्हा ५० आणि रिलेसकट ३० दिसलं, तर गळती रिलेच्या मांडणीत आहे, वेढे मोजत बसू नका.

यापुढे प्रक्षेपण, आणि त्याला परवाना हवाच. अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटरची परीक्षा देऊन मिळणारा परवाना अजून आला नसेल तर इथपर्यंतचं सगळं आणि रिसीव्ह बाजू पूर्ण करा, ट्रान्समिटची वीज जोडूच नका. परवाना असेल तर ५० ओहमच्या डमी लोडवर, कमी शक्तीने सुरुवात. टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम मीटर) वापरत असाल तर मध्ये अटेन्युएटर न घालता कधीच जोडू नका. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम, त्यातून ६० डेसिबेल कमी केले की मीटरवर उणे २३ येतात, म्हणजे मीटर सुखरूप आणि त्याचे स्वतःचे खोटे हार्मोनिकही दिसत नाहीत. पहिला अटेन्युएटर मात्र ५ वॅटची उष्णता सोसणारा हवा.

७.१ वर बोला, १४.२ आणि २१.३ ला काय दिसतं ते लिहा. मग सगळ्या बँडवर तेच. शेवटी खऱ्या अँटेनावर, पूर्ण शक्तीने, प्रक्षेपण करत असताना दिव्यांकडे नजर ठेवा. एकही दिवा लुकलुकला किंवा पालटला, तर फेराइटचे आणखी दोन वेढे टाका आणि ग्राउंडची तार छोटी करा. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला बँड, लाइन, पिन आणि तारेचा रंग लिहिलेला कागद चिकटवा, वरून पारदर्शक टेप. माझा पहिला कागद टेपशिवाय होता, आणि ऑगस्टपर्यंत त्यावरची शाई पसरून ४० आणि ८० एक झाले होते.